दुसरा बार : जखमी जनावर, शिकाऱ्याची जबाबदारी आणि कायदा

मोठ्या जनावराच्या शिकारीत पहिली गोळी वर्मी लागली नाही, तर दुसरी कोणी झाडायची, केव्हा झाडायची आणि ती झाडल्यावर जनावर कोणाच्या नावावर मांडायचे, या प्रश्नांवर शिकाऱ्यांमध्ये गेली दोनशे वर्षे वाद चालू आहेत. शिकारीला बंदी असलेल्या भारतात हा वाद आता निकालात निघाला असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो संपलेला नाही. नरभक्षक ठरलेल्या वाघाच्या मागावर सरकारी पथक निघते तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. म्हणून त्याची मुळे पाहणे उपयोगाचे आहे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात दुसऱ्या बाराचा प्रश्न मुख्यतः वेळेचा होता. दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, टोपी बसवायची, आणि एवढे होईपर्यंत चवताळलेला वाघ किंवा गवा थांबून राहत नसे. त्यामुळे शिकाऱ्याच्या मागे भरलेली दुसरी बंदूक घेऊन एक माणूस उभा राहू लागला. हा माणूस बहुधा गावातलाच असे, त्याने बार काढायचा नसे, बंदूक फक्त हाती द्यायची असे. आणि साहेबाचा नेम चुकला तर जनावराच्या वाटेत आधी तोच सापडे. दुनळी बंदूक रूढ झाली तेव्हा दुसरा बार शिकाऱ्याच्याच हातात आला. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने धूररहित दारूचे .४५० बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा व्यास) काडतूस बाजारात आणले आणि हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी दुनळी रायफल हे प्रतिष्ठित हत्यार झाले. इथे इतिहासाने एक गमतीचे वळण घेतले. बंगालमधील असंतोषाच्या काळात, १९०७ च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या काडतुसांना हिंदुस्थानात मज्जाव केला. ती क्रांतिकारकांच्या हाती लागून जुन्या लष्करी बंदुकांत वापरली जातील, ही भीती त्यामागे होती. परिणामी .४६५ आणि .४७० यांसारख्या नव्या बोअरना मागणी आली. पुढे आफ्रिकेत मदतनीस शिकाऱ्यांची आवडती ठरलेली .४७० रायफल अशा रीतीने काही अंशी हिंदुस्थानातील राजकारणामुळे पुढे आली.

हत्याराचा प्रश्न सुटला तरी मालकीचा सुटला नाही. ब्रिटिश काळातील हिंदुस्थानी शिकारीत असा संकेत होता की ज्याच्या गोळीने पहिले रक्त काढले, त्याचे जनावर. पुढे दुसऱ्याने ते ठार केले तरी कातडे पहिल्याकडे जाई. भांडणे टाळायला हा नियम सोयीचा होता, पण त्यात मोठी खोट होती. मचाणावर तीन-चार बंदुका असल्या आणि हाकारे रान उठवत पुढे येत असले, की ज्याला पहिले रक्त काढायचे आहे तो थांबत नाही. जनावर आडवे, स्पष्ट आणि जवळ येण्याची वाट पाहण्याऐवजी तो लांबूनच बार काढतो. जनावर जखमी होण्याची शक्यता वाढवणाऱ्याला बक्षीस देणारा हा नियम होता, असे म्हटले तर ते फारसे कठोर ठरू नये. बड्या पाहुण्यांच्या शिकारीत आणखी एक प्रकार चाले. पाहुण्याच्या बारापाठोपाठ यजमानाचा पटाईत नेमबाज आपलाही बार काढी, दोन्ही आवाज एकात मिसळत, आणि वाघ पाहुण्याच्या नावावर लागे. यात जनावराचे हाल कमी होत, हे मान्य करायला हवे. मात्र खरे काय घडले हे कातड्याशेजारी टांगलेल्या फोटोत दिसत नसे.

पाश्चात्त्य न्यायालयांनी हा मालकीचा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने १८०५ मध्ये एका कोल्ह्याच्या भांडणात निर्णय दिला की नुसता पाठलाग केल्याने जनावर आपले होत नाही. त्याला निसटता येणार नाही इतके जायबंदी करून पाठलाग चालू ठेवला असेल, तर मात्र हक्क सांगता येतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही पहिल्या वर्षी शिकवतात. पहिल्या रक्तापेक्षा ही कसोटी शहाणपणाची होती, कारण तिच्यात ओरखडा आणि प्राणघातक जखम यांत फरक केलेला होता. मात्र हाही निर्णय माणसामाणसांतील वाटणीचाच होता. जखमी होऊन झुडपात शिरलेल्या जनावराचे कोणी काय देणे लागतो, याबद्दल तो काही बोलत नव्हता.

ते देणे शिकाऱ्यांच्या रीतीत होते. ज्याने जखमी केले त्यानेच माग काढायचा, आणि माग काढताना दुसऱ्याला पुढे धाडायचे नाही, ही जुन्या शिकाऱ्यांची शिस्त होती. माग काढण्याचे एक शास्त्रच तयार झाले होते. पानांवर फेसाळ, गुलाबी रक्त दिसले तर गोळी फुप्फुसात आहे आणि जनावर फार लांब गेलेले नाही. रक्त काळपट असेल तर यकृताला लागले आहे. रक्तात हिरवट, चोथ्यासारखा अंश असेल तर गोळी पोटात आहे, जनावर तासन्‌तास जिवंत राहणार आहे आणि सर्वांत धोक्याचे आहे. वाघ दाट रानात बसला असेल तर म्हशींचा कळप पुढे हाकत. वाघाचा वास लागला की म्हशी फुरफुरून एकत्र येत आणि जागा कळे. या कामातील बळी बहुधा हाकाऱ्यांचे किंवा गुराख्याचे असत. त्यांच्या घरच्यांना थोडीफार भरपाई दिली की विषय संपे. शिकारकथांत यांची नावे क्वचितच आढळतात.

माग अर्धवट सोडल्याचा परिणाम केवळ त्या जनावरापुरता राहत नाही, हे जिम कॉर्बेट यांनी ठामपणे मांडले. वाघ नरभक्षक होण्यामागे बहुतेक वेळा जखम असते आणि ती निष्काळजीपणे झाडलेल्या, नंतर पाठपुरावा न केलेल्या गोळीची असू शकते, असे त्यांचे निरीक्षण होते. १९०७ मध्ये त्यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, वरचा अर्ध्यात आणि खालचा पार हाडापर्यंत, आणि तो एका जुन्या गोळीचा परिणाम होता. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. हा आकडा जसाच्या तसा धरा किंवा थोडा कमी करा. न झाडलेल्या दुसऱ्या गोळीचा इतका मोठा हिशेब दुसरीकडे कुठे मांडलेला आढळत नाही.

कायदा मात्र या सगळ्यापासून बराच काळ दूर राहिला. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत हरणे, गवे, रानम्हशी, गेंडे होते, पण वाघ नव्हता. उलट त्याला मारण्यासाठी इनामे होती. त्या कायद्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक संरक्षणासाठी जनावर मारण्याची मुभा होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा केला. याच सुमारास परदेशी हौशी शिकाऱ्यांना जंगलात नेणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नागपूरची अ‍ॅलविन कूपर ही त्यांतली एक ठळक कंपनी. पैसे मोजून हजारो मैलांवरून आलेला पाहुणा आणि त्याच्या शेजारी उभा असलेला पगारी शिकारी, ही जोडी दुसऱ्या बाराचा प्रश्न व्यवहारात आणणारी होती: पाहुण्याचा वाघ पाहुण्यानेच मारला पाहिजे, आणि तरीही तो जखमी होऊन निसटता कामा नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आधी परवान्यांची चौकट घातली. त्याच्या मूळ अनुसूचींत विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार असे प्रकार होते आणि प्रत्येकासाठी वेगळा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले आणि शिकारीवर सरसकट बंदी आली. आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे ‘शिकार’ या संज्ञेत केवळ ठार मारणे नव्हे, तर जखमी करणेही येते. त्यामुळे जनावर निसटले म्हणून गुन्हा निसटत नाही. दुसरी म्हणजे कलम ११ मध्ये स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी सद्‌हेतूने मारण्याची मुभा राहिली, पण १९१२ च्या कायद्यातील मालमत्तेच्या बचावाची सरसकट मुभा तिच्यात नाही. आणि बचावाची वेळ आली तेव्हा माणूस स्वतःच कायदा मोडत असेल, तर ही सवलतही मिळत नाही. बचावात मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या रक्ताच्या वादाला भारतात कायदेशीर अर्थच उरलेला नाही.

नैतिकदृष्ट्या अवघड भाग पुढेच आहे. वाहनाच्या धडकेने कंबर मोडलेला बिबट्या रस्त्याकडेला तडफडत असेल, तर दयेपोटीही सामान्य माणसाला त्याला संपवता येत नाही. पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतील प्राणी बरा होण्यापलीकडे आहे हे ठरवून लेखी, सकारण आदेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, आणि हा अधिकार त्याला खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. २००३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र नेणे शक्य नाही याची खात्री पटल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. जुन्या शिकाऱ्याला ही दिरंगाई क्रूर वाटली असती. मला ती आवश्यक वाटते, कारण ‘हाल होत होते म्हणून मारले’ ही सबब एकदा मान्य केली की तिच्या आड काय काय येईल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

जिथे शिकार आजही कायदेशीर आहे, तिथे नियमांचा ओघ नेमका उलट आहे: दुसऱ्या गोळीला मनाई नसून तिची सक्ती आहे. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार जखमी जनावराला टाळता येण्याजोग्या वेदना होऊ नयेत म्हणून ते तत्काळ मारणे बंधनकारक आहे. अलास्काच्या काही विभागांत जखमी होऊन निसटलेले अस्वल शिकाऱ्याच्या कोट्यात धरले जाते. दक्षिण आफ्रिकेत जखमी करून हरवलेल्या जनावराचे पैसे पाहुण्याला भरावे लागतात, हा सर्वत्र पाळला जाणारा रिवाज आहे. पूर्व आफ्रिकेतील व्यावसायिक शिकाऱ्यांनी १९३४ मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात आपली संघटना स्थापली, ती १९७७ मध्ये केनियात शिकारबंदी आल्यावर विसर्जित झाली. पाहुण्याने जखमी केलेल्या जनावराची जबाबदारी सोबतच्या शिकाऱ्याची, हा दंडक मात्र आफ्रिकेत टिकून राहिला.

त्या दंडकाला आव्हान आले ते विक्रमांच्या वह्यांकडून. अमेरिकेत धनुष्यबाणाच्या शिकारीची नोंद ठेवणारी, १९६१ मध्ये स्थापन झालेली पोप अँड यंग ही संस्था बंदुकीची गोळी लागलेले जनावर स्वीकारत नाही. म्हणजे बाणाने जखमी झालेल्या प्राण्यावर सोबत्याने रायफलीचा बार काढला, तर हाल संपतात पण नोंदही जाते. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सीसिल या सिंहाला बाण लागला तेव्हा हा पेच जगापुढे आला. सिंह ४० तास जखमी होता असा आकडा सुरुवातीला फिरला. त्याच्यावर संशोधन करणाऱ्या अभ्यासकाने नंतर तो काळ १० ते १२ तासांचा असल्याचे मांडले. पाहुण्यासोबतच्या व्यावसायिक शिकाऱ्यावरील आरोप २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केले. खटला परवान्याच्या आणि बेकायदा शिकारीच्या अंगाने चालला. त्या १०-१२ तासांत बंदूक का वाजली नाही, हा त्याचा विषय नव्हता.

भारतात आज हा प्रश्न यवतमाळच्या पांढरकवडा भागातील टी-१ म्हणजेच अवनी वाघिणीच्या रूपाने ओळखीचा आहे. १३ माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा आणि तो फसला तरच मारावे, असा आदेश होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीही हेच सांगते, आणि नेमबाज शक्यतो खात्यातलाच असावा, बाहेरचा घेतल्यास त्याचे कौशल्य पारखून अधिकृत परवानगी द्यावी आणि मारण्यासाठी बक्षीस जाहीर करू नये, अशी तिची अट आहे. अशा पथकात बंदूकधारी हा खऱ्या अर्थाने दुसरा बार असतो: पहिला बार औषधाच्या डार्टचा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात वाघीण गोळीने मारली गेली. तिने गाडीवर झेप घेतल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळी झाडल्याचे सांगण्यात आले. पथकाबरोबर पशुवैद्यक नव्हता आणि कार्यपद्धती पाळली गेली नाही, यांवर नंतरच्या चौकशीत बोट ठेवले गेले. आदेशानुसार मारणे आणि बचावात मारणे हे कलम ११ चे दोन वेगळे दरवाजे आहेत, एकासाठी लागणारी तयारी दुसऱ्यासाठी लागत नाही, आणि या प्रकरणात दोन्हींचा आधार एकाच वेळी घेतला गेला, हीच टीकाकारांची मुख्य हरकत होती. मारणाऱ्याला बक्षीस देऊ नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये बजावले होते. त्या अटीच्या भंगाची तक्रार घेऊन अवमान याचिका न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये, मारण्याला न्यायालयाचीच मुभा होती आणि वाघीण मारल्यानंतर झालेला आनंदोत्सव गावकऱ्यांचा होता, या मुद्द्यांवर ते प्रकरण तिथेच थांबले.