आई किंवा बाबा परदेशात, मूल इथे: पोटगी आणि भेटीबद्दल आमच्या क्लायंटसाठी माहिती

घटस्फोट झालाय, एक जण दुबईला किंवा न्यू जर्सीला आणि मूल इथे पुण्यात दुसऱ्याकडे, अशा केसेस आमच्याकडे सारख्या येतात आणि प्रश्नही साधारण तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. घरच्यांनाही वाचायला द्या, विशेषतः आजी-आजोबांना, कारण फोन बऱ्याचदा तेच उचलतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पैसे आले नाहीत म्हणून व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, आणि कॉल लावून देत नाहीत म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. कोर्टासाठी हे दोन वेगळे विषय आहेत आणि दोन्ही हक्क मुलाचे आहेत. तुमचा राग खरा आहे हो, आम्ही रोज बघतो, पण तुम्ही कॉल बंद केलात की पुढच्या तारखेला समोरचे वकील तेवढंच दाखवत बसतात आणि थकलेल्या पोटगीचा विषय बाजूलाच राहतो. पैसे थकले तर त्याचा अर्ज आपण टाकू, तोपर्यंत कॉल चालू राहू दे.

आता पोटगी. समोरचा माणूस परदेशात आहे म्हणून तिकडे जाऊन केस लढावी लागते असं नाही, तुम्ही जिथे राहता तिथल्या फॅमिली कोर्टात अर्ज करता येतो. पोटगीचं जुनं कलम १२५ (सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १४४ झालंय, १ जुलै २०२४ पासून. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला असेल तर त्याच कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या खर्चाचा आदेश डिक्रीनंतरही, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम झाल्यावरही, बदलून मागता येतो. त्यामुळे १३ बी च्या, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या, कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये) "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं होतं, आता काहीच होणार नाही, असं समजून गप्प बसू नका. आईने स्वतःचा हक्क सोडला म्हणून मुलाचा सुटत नाही.

सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलंय की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे "अजून दोन महिने वाट बघू" करत राहिलात तर ते महिने तुमचेच जातात. अमेरिकेतल्या माणसाचा डब्ल्यू-टू फॉर्म (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा दाखला) आणि पे स्लिप, दुबईत असेल तर सॅलरी सर्टिफिकेट आणि कंपनी घरभाडं देते का, हे आपण मागतो. पगाराचे नुसते रुपये करून आकडा सांगू नका, तिकडचं भाडं, टॅक्स, इन्शुरन्स जाऊन हातात काय उरतं हे कोर्ट बघतंच, आणि फुगवून मागितलं की आपलं बाकीचं म्हणणंही हलकं होतं. त्यापेक्षा शाळेची फी, व्हॅन, क्लास, औषधं यांच्या पावत्या आणा. कमावती आई परदेशात आणि मूल बाबांकडे असेल तरी हिशोब हाच.

ऑर्डर झाली तरी वसुली हा खरा डोकेदुखीचा भाग आहे, उगाच गोड बोलत नाही. कलम १४४ ची थकबाकी असेल तर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे लोक विसरतात. इथे त्यांचा फ्लॅट, एफडी किंवा एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं बँक खातं) असेल तर त्यावर जप्ती मागता येते. वॉरंट निघालं तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली पासपोर्टवर कारवाई होऊ शकते, आणि परदेशात नोकरी करणाऱ्याला हे सगळ्यात जास्त टोचतं. यूएईसाठी १९९९ चा भारत-यूएई करार आहे, त्यामुळे इथली डिक्री तिकडे नेण्याचा रस्ता आहे. अमेरिकेत मात्र इथली ऑर्डर आपोआप चालत नाही, त्या त्या राज्याच्या कोर्टात जावं लागतं, तिकडचा वकील लागतो.

पैसे देणाऱ्यांसाठी पण सांगतो. बँकेतूनच पाठवा, रिमार्कमध्ये मुलाचं नाव आणि महिना टाका, भावाच्या हातून रोख देऊ नका, पुढे सिद्ध करता येत नाही. अमेरिकेत एचवन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर नवीन नोकरीसाठी जेमतेम साठ दिवस मिळतात, ताण आम्हाला कळतो, पण पैसे गुपचूप बंद करू नका, लगेच आम्हाला मेल करा म्हणजे रक्कम कमी करायचा अर्ज वेळेत जाईल.

कॉलबद्दल. जानेवारी २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला, काही खास कारण नसेल तर, मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि दूर राहणाऱ्यांसाठी व्हिडिओ कॉल सगळ्यात चांगला. पण टर्म्समध्ये नुसतं "व्हिडिओ कॉल करता येईल" लिहिलं की भांडण ठरलेलंच. वार लिहा, भारतीय वेळ लिहा, फोन कोणाचा ते लिहा, कॉल चुकला तर कधी भरून काढायचा ते लिहा. रविवारी सकाळी ७ ला इथे मूल उठलेलं असतं, तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र, हिवाळ्यात साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ बदलतं आणि दरवर्षी त्या आठवड्यात "कॉल उचलला नाही" म्हणून आम्हाला मेसेज येतात. आणि मूल बोलत असताना मागून उत्तरं सांगू नका, त्याला समोरच्या घराबद्दल खोदून विचारू नका. चार वर्षांचं पोर दोन मिनिटांत पळून जाणारच, त्यात कोणी काही शिकवलेलं नसतं.

सुट्टीत प्रत्यक्ष भेट ठरवताना दिवाळी आणि मे महिना वेगवेगळे लिहून घ्या, इथे येण्याच्या तारखा तिकीट काढायच्या आधी कळवा. खूप दिवसांनी भेट असेल तर पहिल्यांदा फॅमिली कोर्टातल्या चिल्ड्रन्स रूममध्ये, काउन्सेलर मॅडम असताना, थोडा वेळ भेटणं बरं पडतं.

मुलाला तिकडे पाठवायचं असेल तर जास्त जपा. मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल तिकडे ठेवून घेतलं तर त्या कराराच्या वाटेने परत आणता येत नाही. म्हणून रिटर्न तिकीट, कोर्टात लेखी हमी, कधी डिपॉझिट, आणि जमेल तिथे तिकडच्या कोर्टाची मिरर ऑर्डर, म्हणजे इथल्यासारखाच आदेश, हे आधी. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने केनियातल्या वडिलांना मुलाचा ताबा देताना अशीच मिरर ऑर्डर आणायला लावली होती, आणि तिकडून फसवणूक झाल्याचं दिसल्यावर २०२१ मध्ये तो आदेशच मागे घेतला, पण मूल तोवर तिकडे गेलेलं होतं. मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांची सही अ‍ॅनेक्शर डी वर (पासपोर्ट अर्जासोबतचा संमतीचा फॉर्म) लागते, एकाची मिळत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी, आणि कस्टडीची ऑर्डर असेल तर ती जोडा.

परदेशातल्या क्लायंटला प्रत्येक तारखेला यावं लागत नाही, इथल्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र देता येतं, ते कॉन्सुलेटमध्ये अटेस्ट करून पाठवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टँप ड्युटी भरायची असते.

पहिल्या भेटीला येताना डिक्री आणि कन्सेंट टर्म्सची सर्टिफाइड कॉपी, मुलाचा जन्मदाखला, दोन्ही पासपोर्टच्या झेरॉक्स, वर्षभराचं बँक स्टेटमेंट आणि समोरच्याचा परदेशातला शेवटचा माहीत असलेला पत्ता आणा. पत्ता नसेल तर समन्स बजावण्यातच महिने जातात. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, स्वतःचे रागातले मेसेज असले तरी. आणि मुलाला ऑफिसला सोबत आणू नका, इथली बोलणी त्याच्या कानावर पडायला नकोत.