प्लगइन तपासणीचे स्वयंचलन

प्लगइनच्या, म्हणजे संकेतस्थळाला जादा सोय जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, कोडमध्ये बदल झाला की त्याचा दर्जा आपोआप तपासून घेण्याची पद्धत. ही तपासणी सीआयचा, म्हणजे कोड सतत एकत्र करून पारखण्याच्या व्यवस्थेचा, भाग असते. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीसाठी ‘प्लगइन चेक’ हे अधिकृत साधन आहे आणि गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवर ते आपोआप चालवणारी तयार ॲक्शनही मिळते. वर्डप्रेसच्या निर्देशिकेत नवे प्लगइन दाखल करताना २०२४ पासून हीच चाळणी लागते. म्हणून ती आधीच लावून घेणे शहाणपणाचे.

कोड पुश केला, म्हणजे गिटहबवर चढवला, किंवा पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, आली की कोरे यंत्र सुरू होते, त्यावर वर्डप्रेस चढते आणि तपासणी चालते. काही चाचण्या कोड नुसता वाचतात, काही प्लगइन प्रत्यक्ष चालू करून पाहतात. एस्केप न करता, म्हणजे घातक चिन्हे निष्प्रभ न करता, छापलेला मजकूर, रीडमी या माहितीच्या फाइलमधली चुकीची आवृत्ती असे दोष फाइलच्या नावासकट दिसतात. मात्र तपासणी नापास झाल्याची लाल फुली आली म्हणून मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणे, थांबत नाही. गिटहबवर मुख्य शाखेला, म्हणजे कोडच्या मूळ प्रतीला, संरक्षण लावून ही तपासणी सक्तीची करावी लागते. नेमके हेच राहून जाते.

सोलापूरसारख्या शहरात भाषांतराच्या चाचण्यांना विशेष मोल आहे. इथे मराठीच्या जोडीला कन्नड बोलली जाते, आणि पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तेलुगू. समजा, चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी घेणारे प्लगइन आहे. त्यातल्या ‘%s टॉवेल %s रोजी पाठवले’ या वाक्यात नग आणि तारीख यांच्या दोन्ही खुणा सारख्याच आहेत. दुसऱ्या भाषेत तारीख आधी आली, तर नगाच्या जागी तारीख छापली जाईल. तपासणी इथे अडते आणि खुणांना क्रमांक द्यायला लावते: ‘%१$s’ नव्हे, तर इंग्रजी अंकांतलेच ‘%1$s’ आणि ‘%2$s’. टेक्स्ट डोमेन, म्हणजे वाक्य कोणत्या प्लगइनचे हे सांगणारे नाव, हेही व्हेरिएबलमध्ये ठेवलेले चालत नाही, कारण भाषांतरासाठी वाक्ये वेचणारे साधन कोड चालवत नाही, फक्त वाचते.

डझनाचा भाव चुकीचा लागला तर हे साधन गप्प राहते. त्यासाठी पीएचपीयुनिट या पीएचपी कोडच्या चाचणी-साधनाच्या चाचण्या वेगळ्या लिहाव्या लागतात. त्या त्याच सीआयमध्ये चालवता येतात.