हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेला तारा व मनोऱ्यांचा धोका (सोलापूर परिसर)

विमानतळ सोडून रस्त्यावर, पटांगणात किंवा पडीक रानात उतरणाऱ्या हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेला वीजवाहिन्या, दूरसंचाराच्या केबली, मनोरे, धुराडी आणि त्यांचे ताण (आधारासाठी तिरप्या ओढून जमिनीत रुतवलेल्या तारा) यांच्यापासून असणारा धोका. सोलापूरचा माळ सपाट आहे. डोंगर आडवा येत नाही, त्यामुळे इथे खाली उडताना अडथळा म्हणजे बहुतेकदा माणसाने उभारलेलीच वस्तू असते.

तार सहसा वेळेवर दिसत नाही. १०० नॉट वेगाने हेलिकॉप्टर सेकंदाला सुमारे ५१ मीटर पुढे सरकते. तार दीडशे मीटरवर दिसली तर हाती जेमतेम तीन सेकंद उरतात. जुनी तार काळवंडते आणि नांगरटीच्या काळ्या रानावर विरून जाते. ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीच्या मुख्य तारा सुमारे ३२ मिमी जाड असतात, पण मनोऱ्याच्या माथ्यावरून जाणारी भूतार (आकाशातली वीज झेलून जमिनीत नेणारी) साधारण ११ मिमीचीच. मुख्य तारा पाहून थोडे वर उचललेले हेलिकॉप्टर नेमके हिच्यावर आपटते. (नान्नजच्या अभयारण्यामुळे सोलापूरकरांच्या परिचयाच्या माळढोकाचेही तेच होते. त्याला समोरचे कमी दिसते आणि वीजतारांना धडकून तो मरतो.)

म्हणून अनुभवी वैमानिक तार शोधत नाही, खांब वाचतो. खांबावरचा आडवा लोखंडी अँगल तारेशी साधारण काटकोनात असतो, त्यावरून तार कोणीकडे जाते ते कळते. चिनी मातीचे इन्सुलेटर उभे असतील तर वाहिनी सरळ पुढे गेली आहे. ते आडवे, ओढल्यासारखे दिसत असतील तर वाहिनी तिथे संपते, वळते किंवा फाटा फुटतो. खांबाला एका बाजूने ताण असेल तर ओढ त्याच्या विरुद्ध बाजूला असते. दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, दिसला की तिथून चारी दिशांनी शेतपंपांच्या तारा गेल्या आहेत असे धरूनच चालावे. उसाच्या फडात खांबाचा बुडखा झाकला जातो, वर फक्त अँगल डोकावतो. विहिरीपर्यंत बांबूवर ओढलेली वायर तर कोणत्याही नकाशात नसते.

मोठ्या वाहिन्या मात्र नकाशावर असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाला जोडले गेले. या दाबाची तार झोळाच्या सर्वात खालच्या बिंदूलाही जमिनीपासून किमान १८ मीटर वर ठेवावी लागते, मनोरे अर्थातच त्याहून कितीतरी उंच. दक्षिण सोलापुरात एनटीपीसी या सरकारी कंपनीच्या १,३२० मेगावॉट औष्णिक वीज केंद्राभोवती वाहिन्यांची गर्दी आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. असे बदल वैमानिकाच्या नकाशात वेळेवर उतरले पाहिजेत. चिमणी निदान दुरून दिसते. ताणांवर उभ्या मनोऱ्याचे ताण पायापासून खूप लांबवर रुतलेले असतात, म्हणून त्याला मोठा वळसाच घालावा.

वाहिनी ओलांडायची ती मनोऱ्याच्या डोक्यावरून, कारण भूतारेसह सगळे त्याच्या खालीच असते. वाहिनीशी साधारण ४५ अंशांच्या कोनात गेल्यास गरज पडताच वळून परतता येते. अमेरिकेच्या नियमांत मार्गावरील सर्वात उंच अडथळा आधीच नोंदवून त्याच्या वर दिवसा ३०० आणि रात्री ५०० फूट राखण्याचे बंधन आहे.

उतरण्यापूर्वी जागेभोवती उंचावरून घिरटी घालतात आणि तारांची बाजू मोठ्याने बोलून घेतात. मागे बसलेल्या परिचारकानेही तार दिसताच ‘तार, उजवीकडे!’ असे ओरडायचे असते. त्या वेळी रुग्णाबद्दलचे बोलणे बंद. उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. सोलापूर सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे आणि ४२ अंशांच्या दुपारी इथली हवा हेलिकॉप्टरसाठी जवळपास १,५०० मीटरवरच्या हवेइतकी विरळ ठरते. सरळ वर उचलायला शक्ती पुरत नाही, मग कमी चढाच्या कोनातून पुढे जावे लागते आणि समोरची तार आडवी येते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंगा येथे मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली येऊन तारांत अडकले आणि कोसळले. आतले सर्व बचावले.

तार-कापणी (वायर कटर) हे हेलिकॉप्टरच्या धडाच्या वर व खाली बसवलेले पाते. समोरून, पुरेशा वेगात लागलेली तार ते कापू शकते. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असताना किंवा तार शेपटीच्या पंख्याला लागल्यास त्याचा उपयोग नाही. भूभाग-इशारा यंत्र त्याच्या माहितीसाठ्यात असलेलेच अडथळे दाखवते. अंधारात दिसण्यासाठी वापरायच्या गॉगलमधून तारा जवळपास दिसत नाहीत, आणि काही लाल एलईडी दिवेही दिसत नाहीत, कारण त्यांचा प्रकाश गॉगल टिपू शकणाऱ्या प्रकाशलहरींच्या पट्ट्याबाहेर पडतो. तारांवरचे लाल-पांढरे गोळे आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ६० सेंमी व्यासाचे असावेत. सर्वात विश्वासार्ह खूण तीच, पण ११ केव्हीच्या तारेवर गोळे कोण लावणार?

जमिनीवरच्या माणसांनी सुमारे ३० बाय ३० मीटरची मोकळी जागा राखावी. तार ‘शाळेच्या मागे’ असे न सांगता ‘उत्तरेला, रस्त्यालगत’ असे दिशेने सांगावे. रात्री खांबाशी दिवे लावलेले वाहन उभे करावे, प्रकाश वैमानिकाच्या डोळ्यांत मारू नये. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तिथल्या होम मैदानासारख्या जागी तात्पुरत्या वायरी आणि पताका कालच्या नसून आजच्या असतात, त्या नव्याने पाहाव्यात. रुग्ण घेतल्यावर हेलिकॉप्टर जड झालेले असते आणि वारा फिरला असेल तर निघायची बाजूही बदलते. म्हणून तारांची माहिती उड्डाणापूर्वी वैमानिकाला पुन्हा एकदा सांगावी लागते.