पॅनेलला उजेड हवा, ऊन नको

मे महिन्यात अथणीहून मामांचा फोन आला. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय, बाहेर ४० अंश, आणि दुपारच्या विजेचा आकडा फेब्रुवारीएवढाही नाही. "एवढं रखरखीत ऊन, मग करंट जातोय कुठं?"

घोटाळा 'ऊन' या शब्दातच आहे. उजेड आणि ताप, दोन्हींना आपण ऊनच म्हणतो. पॅनेल चालतं उजेडावर. ताप त्याचा वैरी.

पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकतीत, म्हणजे सेलमध्ये, दोन थर असतात, एकात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन. प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि सांध्यावरचं विद्युतक्षेत्र त्याला एका बाजूला लोटतं. तिथं जो दाब साठतो, ते व्होल्टेज. कृष्णेवरचा कोल्हापुरी बंधारा आठवा. बरगे पाणी अडवतात, पण फटींतून गळतही असतं. आवक आणि गळती जुळली की पातळी थांबते. सेल तापला की जणू फटी रुंदावतात: आवक जवळपास तेवढीच, पातळी मात्र खाली. दर अंशाला सेलमागे साधारण २ मिलिव्होल्ट जातात. पॅनेलवर छापलेली क्षमता सेल २५ अंशांवर असतानाची. मे महिन्यात तो सहज ६० गाठतो. एका पॅनेलमध्ये ७२ सेल एकामागोमाग जोडलेले, म्हणजे ३५ × २ × ७२, सुमारे ५ व्होल्ट गेले, तेही ४५ मधले! म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नये, खालून वारा खेळू द्यावा.

मामांनी फोटो पाठवला, तर वरच्या कडेला लिंबू-मिरची. सेल एका माळेत असतात. एकावर सावली आली की त्या रांगेचाच करंट घटतो. नजर लागायची राहिली, सावली मात्र लागली.

मग थंड बेळगाव पुढं का? नाही. पावसाळ्यात आमच्याकडं, त्यातही खानापूर-जांबोटीकडं, आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. तापानं दहा-बारा टक्के जातात, दाट ढगाखाली अर्ध्याहून जास्त. वर्षाची सरासरी किलोवॅटमागे रोज ४ युनिट धरा. 'बिल शून्य'च्या जाहिरातीत जुलै कधी दिसत नाही.

"आणि लाईट गेली की सोलरपण बंद पडतंय, ते का?" मामांचा पुढचा प्रश्न. बॅटरी नसलेला, लाईनला जोडलेला इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातातल्या 'बंद' तारेत मामांच्या गच्चीवरचा करंट असेल.