थव्याची गटमोजणी

पक्ष्यांच्या मोठ्या थव्याचा छोटा हिस्सा नेमका मोजायचा आणि तेच माप उरलेल्या थव्यावर लावत जायचे, या पद्धतीला गटमोजणी म्हणतात. एका नजरेत चार-पाचांपलीकडे संख्या कळत नाही आणि हजारोंचा थवा एकेक करून मोजेपर्यंत निम्मे पक्षी जागा बदलतात. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत मोठ्या थव्यांसाठी हीच पद्धत कामी येते.

थव्यात जिथे दाटी मध्यम आहे तिथले २० पक्षी मोजून त्यांनी दुर्बिणीत किती जागा घेतली ते डोळ्यांत बसवावे. असे पाच तुकडे म्हणजे शंभराचा गट. मग एका टोकापासून गट टाकत जायचे आणि प्रत्येक गटाला मोजणीयंत्राची कळ एकदा दाबायची. कळ ३७ वेळा दाबली तर पक्षी सुमारे ३,७००. दोन-तीनशेंच्या थव्याला दहाचा गट पुरे. दहा हजारांपुढे पाचशेचा किंवा हजाराचा गट घेतात, पण तोही शंभराचे गट जोडूनच बांधावा; थेट नजरेने ठरवलेला हजार बहुधा हजार नसतो.

मापातली चूक प्रत्येक गटाबरोबर वाढत जाते. शंभर समजलेल्या गटात प्रत्यक्षात ८० पक्षी असले, तर ४० गटांचे ४,००० होतात आणि खरे असतात ३,२००. बसलेल्या थव्यात मध्ये दाटी आणि कडेला विरळ असते. लांबचे पक्षी लहान व एकमेकांना चिकटलेले दिसतात, मागचे तर पुढच्यांआड लपतात. त्यामुळे बंधाऱ्यासारखी उंच जागा निवडावी आणि दाटी किंवा अंतर बदलले की माप नव्याने घ्यावे. एवढे करूनही फार मोठ्या थव्यांचे अंदाज सहसा कमीच भरतात.

थवा मिश्र असल्यास आधी एकूण संख्या काढून, मग वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर-शंभर पक्षी तपासून जातींचे प्रमाण ठरवतात. एकाच कडेचा नमुना घेतला तर हे प्रमाण फसते, कारण एका जातीचे पक्षी बरेचदा एकत्र बसतात.

वेळही साधावी लागते. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला फ्लेमिंगो चिखलावर दूरवर पांगतात. भरतीला ते आसपासच्या पाणथळ जागी दाटीने विसावतात. दोन्ही वेळच्या संख्या मात्र एकमेकींत मिळवू नयेत, तेच पक्षी दोनदा धरले जातात.

सरावासाठी ताटात मूठभर तांदूळ पसरून आधी अंदाज लिहावा, मग दाणे मोजावेत. आठवडाभर केले तरी आपला अंदाज कोणत्या बाजूला झुकतो ते कळते. प्रत्यक्ष गणनेत दोघांनी एकमेकांना आकडा न सांगता मोजावे, थव्याचे छायाचित्र घ्यावे आणि घरी पडद्यावर एकेका पक्ष्यावर ठिपका देत ताळा पाहावा. नोंदवहीत गटाचे माप, किमान व कमाल अंदाज आणि वेळ लिहावी. गटाने मोजलेल्या थव्यापुढे ३,७१२ असा आकडा लिहू नये.