एक नमुना, दोन मोजमापे आणि ‘एकत्र’ या शब्दाचा घोळ

एकाच नमुन्यावर क्ष-किरणांनी दोन मोजमापे घेता येतात: सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा वर्णपट, ज्यातून घटक कळतात, आणि पृष्ठभाग-विवर्तन, म्हणजे विखुरलेल्या किरणांवरून अणूंची मांडणी. प्रयोगशाळेतल्या ॲल्युमिनियम स्रोताचे 1486.6 इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण जे इलेक्ट्रॉन सोडवतात, ते वरच्या मोजक्या नॅनोमीटरांतलेच. थरांखालचा सांधा त्यांतून कळत नाही. जास्त ऊर्जेचे किरण खोलवरचे इलेक्ट्रॉनही बाहेर काढतात; 1974 साली स्टॅनफर्डला 8 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर सोन्याच्या इलेक्ट्रॉनांची रेषा मोजली गेली. पण ऊर्जा वाढते तशी आयनीभवनाची शक्यता साधारण घनाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे तिसऱ्या पिढीचे सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन कडीत फिरवून प्रखर क्ष-किरण देणारी यंत्रे) येईपर्यंत हे तंत्र रखडले. पृष्ठभाग-विवर्तन ऐंशीच्या दशकातच रुळले होते.

पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवरील स्पॅनिश बीमलाइनने (किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या शाखेने) 15 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणारा विश्लेषक थेट डिफ्रॅक्टोमीटरवरच्या (विवर्तनाचे कोन मोजणाऱ्या यंत्रावरच्या) निर्वात कक्षाला जोडला, आणि ‘एकत्र’ हा शब्द रूढ झाला. एकत्र म्हणजे एकाच कक्षात, एकाच जागी की एकाच क्षणी?

एकाच कक्षात दोन्ही उपकरणे कुठे बसवायची, हे दिशांचे भांडण सुटते. इलेक्ट्रॉन ध्रुवीकरणाच्या (किरणांच्या विद्युत-कंपनाच्या, इथे आडव्या) दिशेने जास्त सुटतात, म्हणून विश्लेषक आडव्या प्रतलात, शलाकेला काटकोनात. विखुरलेले क्ष-किरण नेमके तिथेच मरतात, म्हणून त्यांचा डिटेक्टर उभ्या प्रतलात फिरवावा. ऊर्जेत मात्र तडजोड अटळ: विवर्तनासाठी 10 वरून 15 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर गेले की इलेक्ट्रॉनांची मोजणी तिसऱ्या हिश्श्यावर येते.

‘एकाच जागी’ हे वाटते तितके सोपे नाही. 50 मायक्रॉनची शलाका पृष्ठभागाशी 0.2 अंशाच्या कोनात टेकवली की तिचा ठसा 14 मिलिमीटर लांब पडतो. 10 मिलिमीटरचा स्फटिक त्याला पुरत नाही आणि विश्लेषक त्यातला छोटा तुकडाच पाहतो. थर असमान असेल तर दोन्ही आकडे वेगवेगळ्या भागांचे असतात. आमच्या मते खरा कस इथे लागतो.

‘एकाच क्षणी’चा आग्रह तर घातकही ठरतो. ब्रॅगची अट जुळली, म्हणजे स्फटिकाच्या थरांवरून परतलेले किरण एकमेकांना बळ देऊ लागले, की स्फटिकात स्थिर तरंग उभा राहतो. मग घटकांचे प्रमाण तेच असूनही रेषांची तीव्रता हलते. म्हणून वर्णपट ब्रॅग शिखरापासून दूर, नमुना स्थिर ठेवून घ्यावा. विवर्तनाचे दंड (पृष्ठभागामुळे ब्रॅग शिखरांच्या मधे पसरणारी, दांड्यासारखी तीव्रता) नंतर मोजावेत.

2020 मध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनची कडी नव्या रूपात सुरू झाल्यावर वेळेचा वाद परतला. घट्ट शलाकेत ऑक्साइड लवकर ऑक्सिजन गमावतात. उपाय साधा आहे: पहिला वर्णपट शेवटी पुन्हा घ्यावा. टायटॅनियमच्या 2पी (आतल्या कक्षेतल्या) इलेक्ट्रॉनांच्या शिखराला कमी बंधनऊर्जेच्या बाजूला, सुमारे 2 इलेक्ट्रॉनव्होल्टवर, आधी नसलेला खांदा (ऑक्सिजन गेल्याची खूण) दिसला, तर मधल्या काळातले दंड बदलत्या नमुन्याचे आहेत. ते मोजमाप नव्या जागेवर पुन्हा करावे.