नसलेलं बटण आणि पाच सेकंद

व्हर्च्युअल मशीनमधलं नेटवर्क कार्ड म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, मग ते क्षणात निघायला हवं, असा समज सर्रास आढळतो. क्यूएमयू या, सॉफ्टवेअरनं अख्खा संगणक वठवणाऱ्या एम्युलेटरला चालू मशीनवर ‘डिव्हाइस_डेल’ (उपकरण काढ) सांगितलं की ते मुकाट ऐकतं आणि कार्ड मात्र जागच्या जागी! ही आज्ञा प्रत्यक्षात विनंती असते. कार्ड आतली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे गेस्ट, वापरत असते. तिनं सोडल्याशिवाय ते काढता येत नाही.

क्यू-३५ या, क्यूएमयू वठवत असलेल्या एका मशीन-प्रकारात ही विनंती पोचते कशी, ते फार सुंदर आहे. खऱ्या सर्व्हरवर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटशेजारी, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेशेजारी, बटण आणि दिवा असू शकतो. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो. पुढच्या ५ सेकंदांत पुन्हा दाबलं तर काढणं रद्द. क्यूएमयू हे सगळं हुबेहूब वठवतं. ते स्लॉटच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ‘बटण दाबलं’ हा बिट १ करतं आणि गेस्टला इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, देतं. गेस्ट लिनक्स असेल तर स्लॉट सांभाळणारा त्याचा पीसीआयईएचपी ड्रायव्हर तो बिट वाचून दिवा लुकलुकवतो, ५ सेकंद थांबतो, कार्ड त्याच्या ड्रायव्हरपासून सोडवतो, स्लॉटची वीज तोडतो आणि शेवटी दिवा विझवतो. वीज आणि दिवा, दोन्ही बंद दिसल्यावरच क्यूएमयू कार्ड नष्ट करतं आणि ‘डिव्हाइस_डिलीटेड’ ही सूचना पाठवतं.

घोटाळा इथेच व्हायचा. कार्ड निघेना म्हणून स्क्रिप्टनं ३ सेकंदांनी तीच आज्ञा पुन्हा दिली, की बटण दुसऱ्यांदा दाबलं जाई आणि गेस्ट सगळं रद्द करी. तिसऱ्यांदा दिली की पुन्हा पहिल्यापासून. असं कार्ड कधीच निघत नाही. अशा वेळी ‘रीस्टार्ट मारा’ या तोडग्यानं मूळ कारण तिथेच राहतं.

डिसेंबर २०२१च्या क्यूएमयू ६.२ आवृत्तीत दुरुस्ती झाली. दिवा लुकलुकत असेल तर नवी विनंती नाकारली जाते. वीज आधीच बंद असेल तर बटणाच्या फंदात न पडता कार्ड लगेच निघतं. गेस्ट बूट होत असताना केलेली विनंती वाया जाते; तिची नोंद राहून पुढच्या विनंत्या अडू नयेत म्हणून ती ५ सेकंदांनी बाद होते. त्याआधीच्या ६.१ पासून क्यू-३५चा डीफॉल्ट मार्ग या बटणाऐवजी एसीपीआय (हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातली प्रमाणित बोलणी) झाला आहे. त्यात ही ५ सेकंदांची वाट नाही, पण गेस्टची संमती लागतेच.

कार्ड चालू मशीनमध्ये जोडायचं तर मशीन सुरू करतानाच रिकामे ‘पीसीआयई-रूट-पोर्ट’ (कार्डासाठीचे आभासी स्लॉट) ठेवावे लागतात, एका कार्डाला एक; कारण मूळ ‘पीसीआयई.०’ बसवर हॉटप्लग, म्हणजे चालू मशीनमध्ये कार्ड जोडणं-काढणं, चालत नाही. आणि कार्डामागची नेटवर्क जोडणी काढणारं ‘नेटडेव्ह_डेल’ द्यायचं ते ‘डिव्हाइस_डिलीटेड’ आल्यानंतरच.